वाचकांचे प्रश्न : दाहाचा निरोप ऐकणारे जनुक

या वेळी नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या बऱ्याच पत्रांत एक शब्द सारखा येतो : सीआरपी, म्हणजे शरीरात दाह (इन्फ्लमेशन) चालू असला की यकृत बनवते ते रक्तातले प्रथिन. कुणाचा वाढलाय, कुणाचा औषधाने एकदम खाली आलाय, कुणाला जनुकीय अहवालात त्याचा उल्लेख सापडलाय. या सगळ्यांच्या मुळाशी पेशीवरचा एकच रिसेप्टर (निरोप पकडणारे प्रथिन) आहे, इंटरल्यूकिन-६ या दाहाच्या निरोप्याचा, म्हणजे आयएल-६ चा. तो बनवणाऱ्या जनुकाचे नाव आयएल६आर. म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (सातपूर) : कंपनीच्या आरोग्य तपासणीबरोबर एक जनुकीय चाचणीही केली. अहवालात ‘आयएल६आर, आरएस २२२८१४५, एसी – दाहाची प्रवृत्ती’ असे लाल अक्षरांत छापले आहे. सीआरपी १.८ आहे. मी घाबरून जावे का?

नाही. लाल रंग तर इथे उलटाच लागलाय.

आयएल६आर जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ४६८ अमिनो आम्ले असतात. त्यातल्या ३५८ व्या जागी बहुतेकांमध्ये ॲस्पार्टिक आम्ल असते, काहींमध्ये ॲलानिन. जनुकात त्या ठिकाणी ‘ए’ ऐवजी ‘सी’ आले की हा बदल होतो; अहवालातला ‘आरएस २२२८१४५’ हा त्याच जागेचा क्रमांक. आपल्याला आई आणि वडील दोघांकडून एकेक प्रत मिळते. तुमचा ‘एसी’ म्हणजे एक प्रत नेहमीची, एक ॲलानिनची. (काही प्रयोगशाळा डीएनएची समोरची साखळी वाचून हेच ‘टीजी’ असे लिहितात. अक्षरे वेगळी दिसली म्हणून निष्कर्ष बदलत नाही.)

२०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याच बदलावर दोन मोठे अभ्यास आले. त्यातल्या एकात ८२ अभ्यासांतल्या दोन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली होती. ॲलानिनच्या प्रत्येक प्रतीमागे सीआरपी सरासरी ७.५ टक्क्यांनी कमी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका ३.४ टक्क्यांनी कमी आढळला. आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) बाबतीतही हे ‘सी’ अक्षर थोडे संरक्षणच देते. दुसऱ्या बाजूने दमा आणि ॲटोपिक एक्झिमा (त्वचेचा ॲलर्जीसारखा आजार) यांचा धोका त्याच अक्षराने किंचित वाढतो. म्हणजे ‘चांगले जनुक’ आणि ‘वाईट जनुक’ अशी वाटणी इथे चालत नाही.

आता ३.४ टक्के म्हणजे किती ते पाहा. तुमच्यासारख्या १०० जणांपैकी १० जणांना पुढे हृदयविकार होणार असेल, तर ॲलानिनची एक प्रत असणाऱ्यांत तो आकडा साधारण ९.७ होईल. वरचा रक्तदाब १५० वरून १३० वर आणला किंवा तंबाखू सोडली, तर याच्या कितीतरी पट फरक पडतो. शास्त्रज्ञांना हा बदल मोलाचा वाटला तो वेगळ्या कारणाने. जन्मापासून ज्यांचा हा रिसेप्टर जरा कमी ऐकतो त्यांना हृदयविकार कमी होतो, म्हणजे दाह हा हृदयविकाराचा नुसता साक्षीदार नसून भागीदार आहे, हे त्यातून दिसले. संशोधनासाठी हे सोने आहे, पण एका माणसाच्या औषधोपचारात त्याने काहीही ठरत नाही. त्यासाठी पुन्हा पैसे खर्चून ‘सविस्तर जनुकीय समुपदेशन पॅकेज’ घेऊ नका.

तुमचा १.८ हा आकडा मात्र नीट वाचून घ्या. तो हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी आहे का, आणि एकक मिलिग्रॅम प्रति लिटर आहे की प्रति डेसिलिटर? या दोन एककांत दहापट फरक आहे. प्रति लिटर असेल तर १.८ मध्यम गटात येतो (१ पेक्षा कमी उत्तम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त). प्रति डेसिलिटर असेल तर तो १८ झाला, आणि मग शरीरात कुठे तरी दाह किंवा संसर्ग चालू आहे. दात, लघवी, छाती तपासा आणि दोन-तीन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करा.

प्रश्न (नाशिकरोड, कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका) : आयएल-६ जखम भरायला मदत करते असेही वाचले आणि सांधे खाते असेही. एकाच रेणूची दोन तोंडे कशी?

रेणू एकच आहे. तो कुठे आणि कसा ऐकला जातो यात फरक आहे. हा भाग सावकाश वाचा, खालची सगळी उत्तरे यावर उभी आहेत.

आयएल-६ हा निरोप्या आहे. तो जपानमध्ये ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये ओळखला. त्याचा रिसेप्टर १९८८ मध्ये सापडला. गंमत अशी की हा रिसेप्टर निरोप पकडतो, पण आत पोचवू शकत नाही. त्याची पेशीच्या आतली शेपूट आखूड असते. निरोप आत नेणारे प्रथिन वेगळे, त्याचे नाव जीपी१३०. आयएल-६ रिसेप्टरला चिकटला की ही जोडी जीपी१३० ला जाऊन भिडते, मग आतल्या बाजूला जॅक नावाची विकरे (एन्झाइम) जागी होतात, ती स्टॅट३ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट लावतात आणि स्टॅट३ केंद्रकात जाऊन जनुके चालू करतो.

जीपी१३० जवळजवळ प्रत्येक पेशीवर असते. आयएल-६ चा रिसेप्टर मात्र मोजक्याच पेशींवर असतो : यकृताच्या पेशी आणि काही पांढऱ्या पेशी. म्हणून निरोगी स्थितीत हा निरोप थोड्यांनाच ऐकू येतो. यकृत तो ऐकून सीआरपी, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) अशी प्रथिने बनवते. याला क्लासिक मार्ग म्हणतात आणि संसर्गाशी लढताना तो हवाच असतो.

दाह पेटला की एडॅम१७ नावाचे विकर, पेशीच्या पृष्ठभागावरची जणू कात्रीच, रिसेप्टरचा बाहेरचा भाग कापून रक्तात सोडते. थोडा रिसेप्टर मुळातच मोकळा बनतो, कारण जनुकाचा संदेश वेगळ्या रीतीने जोडला जातो. हा सुटा रिसेप्टर निकामी होत नाही. तो आयएल-६ ला धरतो आणि जिच्यावर स्वतःचा रिसेप्टर नाही अशा कोणत्याही पेशीच्या जीपी१३० ला जाऊन चिकटतो. सांध्याच्या अस्तरातल्या पेशी, रक्तवाहिनीच्या आतल्या थरातल्या पेशी, ज्यांना हा निरोप ऐकूच यायला नको होता, त्यांनाही तो ऐकू येऊ लागतो. हा ट्रान्स मार्ग. दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचे बरेचसे नुकसान याच वाटेने होते. शरीराने त्यावर उताराही ठेवलाय : रक्तात जीपी१३० चेही सुटे तुकडे फिरत असतात आणि ते ही जोडी मध्येच गाठून निकामी करतात.

विद्यार्थी इथे हमखास विचारतील की सातपूरच्या पत्रातले ३५८ वे अमिनो आम्ल कापण्याच्या जागेला लागूनच आहे; ॲलानिन असले की कात्री जास्त चालते आणि सुटा रिसेप्टर वाढतो, मग दाह वाढायला हवा, कमी कसा होतो? कारण कापून गेल्याने पेशींवरचा रिसेप्टर कमी होतो आणि त्या पेशी आयएल-६ ला कमी प्रतिसाद देतात. शिवाय सुटा रिसेप्टर आणि सुटे जीपी१३० मिळून आयएल-६ अडकवून ठेवतात.

रिसेप्टर अजिबातच नसेल तर काय होते, याचेही उत्तर आहे. दोन्ही प्रती बिघडलेली मुले २०१९ मध्ये प्रथम वर्णन झाली. त्यांना वारंवार जंतुसंसर्ग होत, एक्झिमा होता, आयजीई (ॲलर्जीशी जोडलेले प्रतिपिंड) वाढलेले होते आणि संसर्ग असूनही सीआरपी जेमतेम वाढत असे. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. देवळालीच्या पत्राचे उत्तर त्यातच आहे.

प्रश्न (निफाड) : ऑक्टोबर छाटणीपासून दोन्ही हातांची बोटे सकाळी आखडतात, कात्री धरवत नाही. सीआरपी २८, आरए फॅक्टर निगेटिव्ह. कामाने झाले असेल म्हणतात. वडिलांनाही सांधेदुखी होती. जनुक तपासू का?

जनुक नको, अँटी-सीसीपी (आमवाताची आणखी एक रक्तचाचणी) तपासा. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो.

कामाच्या ताणाने दुखणारी बोटे विश्रांतीने बरी वाटतात आणि काम केल्यावर दुखतात. दाहाची बोटे उलट वागतात : रात्रीच्या विश्रांतीनंतर जास्त आखडतात आणि हालचालीने मोकळी होतात. घड्याळ लावून पाहा. मूठ पूर्ण मिटायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागतो का? बोटांच्या मुळाशी, म्हणजे मुठीच्या उंचवट्यांवर, हलके दाबले की दुखते का? दोन्ही हातांत सारखे आहे का? तीनही उत्तरे ‘हो’ असतील आणि सहा आठवडे उलटले असतील, तर संधिवाततज्ज्ञ गाठा. नुसत्या छाटणीच्या ताणाने सीआरपी २८ वर सहसा जात नाही. गेल्या पावसाळ्यात ताप येऊन गेला असेल तर चिकुनगुनियाची आयजीएम चाचणीही करा. त्याचे सांधे कित्येक महिने असेच वागतात. अशा तापात डेंगू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, फक्त पॅरासिटामॉल.

आमवात ठरला तर पहिले औषध बहुधा मेथोट्रेक्सेट असेल. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चिठ्ठीवर घाईत लिहिलेले वाचून ते रोज घेतले की तोंडात फोड येतात, रक्तपेशी घसरतात, माणूस दगावतोही. एक वार ठरवा, समजा रविवार, दिनदर्शिकेवर खूण करा आणि फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी घ्या. दारू नको. यकृत आणि रक्ताच्या चाचण्या सुरुवातीला महिन्याला करा. या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. ‘दोन आठवड्यांत फरक नाही’ म्हणून सोडून देणे ही सर्वांत जास्त होणारी चूक, आणि त्यात सांध्याचे हाड कायमचे झिजते.

प्रश्न (सिन्नर) : आईला आमवात आहे, वजन ५८ किलो. मेथोट्रेक्सेटने पुरेसे भागले नाही म्हणून टोसिलिझुमॅबची सलाईन सांगितली आहे. औषध आम्हीच विकत घेऊन नाशिकला न्यायचे आहे. आधी काय तपासावे, काय काळजी घ्यावी?

टोसिलिझुमॅब हे प्रतिपिंड आयएल-६ च्या रिसेप्टरवरच जाऊन बसते, पेशीवरच्याही आणि सुट्याही. निरोप्या येतो, पण ऐकणाऱ्याच्या कानात बोळे घातलेले असतात. जपानमध्ये आमवातासाठी त्याला २००८ मध्ये परवानगी मिळाली, अमेरिकेत २०१० मध्ये.

सलाईनच्या आधी या गोष्टी हातात हव्यात. पहिली क्षयाची तपासणी : छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू (कातडीत टोचून करायची चाचणी) किंवा आयजीआरए (रक्तचाचणी). मॅन्टू ४८ ते ७२ तासांत वाचायची आणि लाली नव्हे, बोटाला लागणारा कठीण उंचवटा मिलिमीटरमध्ये मोजायचा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर ५ मिलिमीटरही पॉझिटिव्ह धरतात. दडलेला क्षय निघाला तर प्रतिबंधक गोळ्या सरकारी क्षयरोग केंद्रात मिळतात. त्या सुरू झाल्यावर साधारण महिन्याने हे औषध सुरू करतात. दुसरी हिपॅटायटिस बी ची चाचणी. तिसरी हिमोग्राम आणि यकृताच्या चाचण्या : न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) २,००० पेक्षा कमी, प्लेटलेट १ लाखापेक्षा कमी किंवा एसजीपीटी-एसजीओटी वरच्या मर्यादेच्या दीडपटीहून जास्त असतील तर सहसा सुरुवात करत नाहीत. चौथी, आणि जिचा बहुतेकांना विसर पडतो ती, पोटाचा इतिहास. मोठ्या आतड्यात डायव्हर्टिक्युलायटिस (आतड्याच्या भिंतीतल्या पिशव्यांची सूज) किंवा आतड्याचा अल्सर होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. या औषधाने आतड्याला छिद्र पडण्याचा धोका थोडा वाढतो, स्टिरॉइड आणि वेदनाशामके जोडीला असली की आणखी. लस घ्यायची राहिली असेल तर न्यूमोकोकल आणि फ्लूची लस आधी उरका. जिवंत जंतूंच्या लसी एकदा औषध सुरू झाले की चालत नाहीत.

मात्रा किलोमागे ८ मिलिग्रॅम, दर ४ आठवड्यांनी, एका वेळी कमाल ८००. काही डॉक्टर ४ पासून सुरू करतात. आईचा हिशेब ५८ गुणिले ८, म्हणजे ४६४ मिलिग्रॅम. कुप्या ८०, २०० आणि ४०० च्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. म्हणजे ४०० ची एक आणि ८० ची एक, त्यातून २३.२ मिलिलिटर. नर्स १०० मिलिलिटरच्या नॉर्मल सलाईनमधून आधी तेवढेच सलाईन काढून टाकते, मग औषध हळूच आत सोडते, पिशवी अलगद उलटीपालटी करते. हलवायची नाही, फेस होतो. तासाभरात सलाईन संपवायची. वजन दर वेळी करा. सहा महिन्यांपूर्वीचे वजन चालवू नका.

ने-आण हा खरा कच्चा दुवा. कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची आणि गोठू द्यायची नाही. एप्रिलमध्ये सिन्नरहून नाशिकला यायला तासभर लागला तरी बंद गाडीत तापमान पन्नाशीकडे जाते. थर्मासचा डबा घ्या, जेल पॅक फडक्यात गुंडाळा, आणि कुपीचा खोका पॅकला थेट चिकटू देऊ नका. बर्फ टाकलेल्या पिशवीत कुपी गोठली तर औषध बाहेरून चांगलेच दिसते, पण प्रथिन बिघडलेले असते. घरी आदल्या दिवशी आणलीत तर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, फ्रीझरच्या खालीही नको. दुकानदाराकडून घेताना ती फ्रिजमधूनच निघाली का ते डोळ्यांनी पाहा, बॅच क्रमांक आणि मुदत बिलावर लिहून घ्या. सगळ्यात चांगले म्हणजे जिथे सलाईन लावणार तिथल्याच औषधालयातून त्याच दिवशी घेणे. थोडे महाग पडले तरी चालेल.

नंतर ४ ते ८ आठवड्यांनी हिमोग्राम, यकृत आणि कोलेस्टेरॉल, मग रक्त आणि यकृत दर ३ महिन्यांनी. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली, प्लेटलेट ५० हजारांच्या खाली किंवा एसजीपीटी पाचपटीच्या वर गेले तर औषध थांबते. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढलेले दिसेल. दाह चालू असताना ते दबलेले असते, त्यामुळे थोडी वाढ अपेक्षितच आहे. पण स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) लागेल का हे विचारा. वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध) चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) लवकर तपासा. आयएल-६ यकृतातली औषधे मोडणारी विकरे मंदावतो. त्याला अडवले की ती पुन्हा जोमाने कामाला लागतात आणि जुनी मात्रा कमी पडू शकते.

प्रश्न (देवळाली कॅम्प) : पत्नीला टोसिलिझुमॅब पाच महिने चालू आहे. सीआरपी ०.४, ईएसआर (दाह दाखवणारी दुसरी रक्तचाचणी) ५. सांधे मात्र अजून थोडे दुखतात. रिपोर्ट इतके चांगले असताना औषध बंद केले तर? आणि परवापासून किंचित ताप, खोकला आहे. सीआरपी नॉर्मल असल्याने काळजी केली नाही.

आजच डॉक्टरांकडे जा.

सीआरपी यकृत बनवते ते आयएल-६ चा निरोप ऐकून. रिसेप्टर औषधाने बंद आहे, तर यकृताला काहीच ऐकू येत नाही आणि ते सीआरपी बनवत नाही. न्यूमोनिया असला तरी. सीआरपी सुमारे दोन आठवड्यांतच नॉर्मल होतो आणि औषधाचा अंमल असेपर्यंत तसाच राहतो. ईएसआरही फायब्रिनोजेन कमी झाल्याने खाली येतो. म्हणून या औषधावर असलेल्या माणसाचा नॉर्मल सीआरपी संसर्ग नसल्याचा पुरावा नाही. तापही दबून राहतो, कारण ताप चढवण्यातही आयएल-६ चा हात असतो. ९९.५ फॅरनहाइटचा किंचित ताप इतरांच्या १०२ सारखा समजा. छातीचा एक्स-रे, ऑक्सिजन, पांढऱ्या पेशींची मोजणी आणि डॉक्टरांची तपासणी, यांवर विसंबायचे. संसर्ग मिटेपर्यंत पुढची सलाईन थांबते. जिथे जाल तिथे पहिल्या वाक्यात सांगा : ‘टोसिलिझुमॅब चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला.’ तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना हे माहीत नसेल तर तेही नॉर्मल सीआरपी पाहून घरी पाठवतील. औषधाचे नाव आणि तारीख लिहिलेला कागद पाकिटात कायम ठेवा. अचानक पोटात जोरात दुखले तरी हाच नियम, आणि थेट रुग्णालय.

दुखणाऱ्या सांध्यांचे उत्तरही यातच आहे. औषध किती लागू पडले हे सीआरपीवरून मोजायचे नाही, सुजलेले आणि दुखणारे सांधे मोजायचे. डॉक्टर २८ सांधे दाबून पाहतात. शंका असेल तर सांध्याची सोनोग्राफी. स्वतःहून औषध बंद करू नका. बहुतेकांत दाह काही आठवड्यांत परत पेटतो.

प्रश्न (ओझर) : आमवात असलेल्या बहिणीचे हिमोग्लोबिन ९.२ आहे. वर्षभर लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर सगळे झाले. हलत नाही.

गोळीतले लोह आतड्यापर्यंत पोचतेय, पुढे जात नाहीये. यकृत आयएल-६ ऐकून आणखी एक गोष्ट बनवते : हेप्सिडिन. आतड्याच्या पेशींतून रक्तात लोह सोडणारा दरवाजा म्हणजे फेरोपोर्टिन. हेप्सिडिन त्याला चिकटून तो मोडायला लावते. मग खाल्लेले लोह आतड्याच्या पेशींतच राहते आणि पेशी झडल्या की शौचावाटे जाते; जुन्या रक्तपेशींतून सुटलेले लोहही साठवणाऱ्या पेशींत कुलूपबंद होते. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीर हे करते. आमवातात जंतू नसतात, पण कुलूप लागतेच.

फेरिटिन (साठवलेले लोह दाखवते) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात फिरणारे लोह दाखवते) दोन्ही तपासा. फेरिटिन दाहात खोटे वाढते, त्यामुळे दाह असताना ३० ऐवजी १०० च्या खालचा आकडाही लोह कमी असल्याचा संशय घ्यायला पुरेसा आहे. सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली आणि फेरिटिन भरपूर असेल तर मुख्य अडचण दाहाची. मग औषध दाहावर हवे, हिमोग्लोबिन मागून वर येते. रिसेप्टर रोखणाऱ्या औषधाने ते वाढलेले दिसते ते यामुळेच. दोन्ही कमी असतील तर शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा. वेदनाशामकांमुळे पोटातून रक्त जात नाही ना, हेही पाहा : शौचाला डांबरासारखे काळे होते का? फक्त लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, म्हणून गोळ्या चार-पाच दिवस थांबवून मग पाहा. गोळ्या चालूच ठेवायच्या असतील तर दिवसाआड एक घ्या. रोज घेतल्याने हेप्सिडिन आणखी वाढते. चहा गोळीपासून तासभर तरी दूर ठेवा.

प्रश्न (इंदिरानगर) : कोविडच्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, ‘टोसी’ (टोसिलिझुमॅब) मिळवायला घरोघर धावपळ झाली. आम्हाला मिळाले नाही आणि वडील गेले. मिळाले असते तर वाचले असते का?

एका माणसाबद्दल याचे उत्तर कुणीच देऊ शकत नाही, आणि तुम्ही ते स्वतःवर घेऊ नका. आकडे सांगतो. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या कोविडवरील औषध-चाचणीत ४,११६ रुग्ण होते. ऑक्सिजन ९२ च्या खाली किंवा ऑक्सिजन लावलेला, आणि सीआरपी ७५ किंवा जास्त, अशांनाच त्यात घेतले होते. २८ दिवसांत टोसिलिझुमॅब मिळालेल्यांपैकी ३१ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ३५ टक्के दगावले. म्हणजे २५ जणांना औषध दिले तर एक जीव जास्त वाचला. उरलेल्या २४ जणांचे जे व्हायचे ते औषधाशिवायही तेच झाले असते. हा फायदा डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड चालू असणाऱ्यांतच दिसला. स्टिरॉइड आणि ऑक्सिजन हे मुख्य उपचार होते. ते तुमच्या वडिलांना मिळाले असतील तर जे सर्वांत महत्त्वाचे होते ते झाले होते.

प्रश्न (गंगापूर रोड) : सकाळी दहा किलोमीटर धावतो. धावल्यावर आयएल-६ वाढते असे वाचले, मग ते बंद करावे का? आणि हळदीच्या कॅप्सूलने सीआरपी खाली येतो का?

धावत राहा. आकुंचन पावणारा स्नायू आयएल-६ सोडतो हे खरे, पण ते काही तासांत उतरते आणि त्यामागून दाह शमवणारे रेणू वाढतात. पोटाच्या चरबीतून रात्रंदिवस झिरपणारे आयएल-६ वेगळे. धावण्याने ती चरबी घटते. फक्त सीआरपी तपासायचा असेल तर लांब पल्ल्याच्या शर्यतीनंतर दोन-तीन दिवस थांबा, नाहीतर उगाच वाढलेला आकडा हातात येईल.

हळद भाजीत, दुधात जरूर घ्या. कॅप्सूलची गोष्ट वेगळी. शोषण वाढावे म्हणून त्यांत मिरीचा अर्क घालतात आणि अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. मेथोट्रेक्सेट किंवा टोसिलिझुमॅब चालू असलेल्यांनी त्या घेऊच नयेत. तुम्ही घेत असाल आणि लघवी गडद पिवळी दिसली किंवा अंगाला खाज सुटली, तर कॅप्सूल थांबवून एसजीपीटी करून घ्या.